शेवटच्या जवानाचा वेग

सातारा, सांगली, बीड किंवा नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या गावाबाहेर पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर उभं राहिलं, की आधी पावलांचा आवाज येतो आणि मग अंधारातून धावणारी पोरं दिसू लागतात. रस्त्याकडेच्या दगडावर चुन्याची खूण असते. तिथून दुसऱ्या खुणेपर्यंत सोळाशे मीटर. सैन्यभरतीत वर्षानुवर्षं चालत आलेल्या गुणपद्धतीनुसार हे अंतर साडेपाच मिनिटांत कापलं तर ६० गुण, पावणेसहा मिनिटांत कापलं तर ४८. दहा बीम काढले तर ४० गुण. शिवाय नऊ फुटी खड्ड्यावरून उडी आणि नागमोडी फळीवरून तोल सांभाळत चालणं. हजारो घरांतल्या पोरांची ऐन उमेदीची दोन-तीन वर्षं या आकड्यांभोवती फिरतात.

भरतीचं मैदान गावाला पाठ असतं. भरतीनंतर पलटणीत शरीराचं काय केलं जातं, ते मात्र गावाला फारसं माहीत नसतं. शारीरिक प्रशिक्षण, खेळ आणि साहसी मोहिमा ही तिन्ही कामं एकाच मैदानावरची वाटली, तरी त्यांचे हेतू वेगळे आहेत. प्रशिक्षण प्रत्येक जवानाला एका किमान पातळीवर आणतं. खेळात निवडक जवान कमाल पातळी गाठतात. साहसात शरीराबरोबर निर्णयाची परीक्षा होते. भारतीय लष्करात या तीन धारा कशा वाढल्या, एकमेकींना त्यांनी काय दिलं आणि आज त्यांच्यात कुठे ओढाताण आहे, हे एकत्र पाहायला हवं. पदकांच्या आणि शिखरांच्या बातम्या येतात तेव्हा त्यांच्या मुळाशी असलेलं साधं पलटणीचं मैदान नजरेआड होतं, म्हणून हा आढावा.

पलटणीचा दिवस

शांततेच्या ठाण्यात पायदळाच्या पलटणीचा दिवस पीटी परेडने सुरू होतो आणि संध्याकाळी गेम्स परेडने कलतो. पीटी घेणाऱ्या उस्तादाला जवानांच्या आयुष्यात मोठं स्थान आहे. हे उस्ताद घडवणारी मुख्य संस्था पुण्यातच आहे, आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंग. देशभरातल्या पलटणींमधून अधिकारी आणि जवान तिथे कोर्सला येतात आणि परत जाऊन आपापल्या युनिटला तयार करतात.

मोजमापासाठी वर्षानुवर्षं दोन चाचण्या मुख्य राहिल्या. पीपीटी ही नुसत्या शरीराची चाचणी. तिच्यात २.४ किलोमीटर धाव, बीम, बैठका आणि छोट्या अंतराची वेगवान धाव. तिशीच्या आतल्या जवानाला ही धाव ‘एक्सलंट’ मिळवायची तर नऊ मिनिटांत संपवावी लागते. बीपीईटी ही लढाईजोगी चाचणी. अंगावर लढाईचा सरंजाम आणि हातात रायफल घेऊन पाच किलोमीटर, त्याच्या जोडीला ६० मीटरची धाव, उभा दोर, आडवा दोर आणि नऊ फुटी खड्डा. इथे तिशीच्या आतल्या जवानाचं ‘एक्सलंट’ २५ मिनिटांचं. वय वाढेल तशी वेळेत सूट मिळते, चाचणी मात्र सुटत नाही.

दोन्ही चाचण्यांत फरक आहे तो भाराचा. बनियनवर वाऱ्यासारखा धावणारा पोरगा पाठीवर पिठ्ठू चढला की मागे पडतो आणि जाडजूड बांध्याचा दुसरा शेवटपर्यंत एकाच लयीत चालत राहतो. म्हणून अनुभवी उस्ताद ट्रॅकवरच्या वेगापेक्षा भाराखालच्या चालीकडे अधिक लक्ष देतात. डोंगरात चढाई करणाऱ्या तुकडीला सर्वांत वेगवान जवानाचा वेग मिळत नसतो, तिला शेवटच्या जवानाचा वेग मिळतो. सांघिक स्पर्धेत दमलेल्याची रायफल शेजारचा आपल्या खांद्यावर घेतो आणि सगळे मिळून रेषा ओलांडतात. ती कृती दयेपोटी होत नाही. गस्तीवर, हिमात, गोळीबारात असंच करावं लागणार आहे आणि त्याची सवय मैदानावरच लागते.

कंपन्यांच्या आपसांतल्या क्रॉसकंट्री, रस्सीखेच, कबड्डी, व्हॉलीबॉल आणि बॉक्सिंगच्या स्पर्धांचं महत्त्वही इथेच आहे. त्यांत स्वयंपाकी, ड्रायव्हर, कारकून सगळे उतरतात. कालपर्यंत एकमेकांची भाषा न कळणारी पोरं रस्सीखेचेच्या एका हाळीवर एकत्र जोर लावतात. पदक-तालिकेत या स्पर्धांची नोंद कुठेच नसते, पण पलटण घडते ती तिथे.

शरीराची मर्यादा ओळखणं

कठोर प्रशिक्षणाचं कौतुक करताना त्याची किंमत सांगितली नाही तर आढावा अपुरा राहील. नव्या रिक्रूटांमध्ये नडगीच्या हाडाला बारीक तडा जाणं ही जगभरच्या सैन्यांची जुनी डोकेदुखी आहे. हाड बळकट व्हायला आठवडे लागतात, उत्साह एका दिवसात चढतो. दमट उकाड्यात पाच किलोमीटर ताणून धावणाऱ्याला उष्माघात होऊ शकतो आणि तो जीवघेणा ठरतो. वेळापत्रक पहाटेचं ठेवणं, भार हळूहळू चढवणं, पाणी मोजून पाजणं आणि दुखणं सांगणाऱ्याला कामचुकार न ठरवणं ही सगळी प्रशिक्षणाचीच अंगं आहेत.

या बाबतीत भारतीय लष्कराने सर्वांत मोठा धडा हिमालयात घेतला. १९६२च्या युद्धात मैदानी प्रदेशातून घाईघाईने उंचावर पाठवलेल्या जवानांना शत्रूबरोबर विरळ हवेशीही झुंजावं लागलं. फुप्फुसांत पाणी भरून धडधाकट तरुण काही तासांत कोसळत होते. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळात अशा १,९२५ जवानांचा अभ्यास केला. तो १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला आणि उंचीवरच्या आजारांबद्दलच्या जागतिक वैद्यकात तो मोलाचा मानला जातो.

आज लष्कराचा नियम स्पष्ट आहे. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, पंधरा हजारांपर्यंत आणखी चार दिवस आणि त्यापुढे पुन्हा चार दिवस शरीराला जुळवून घ्यायला द्यायचे. पहिले दोन दिवस तर जवळजवळ विश्रांतीच. तंदुरुस्त जवानालाच हा नियम सर्वांत जड जातो, कारण आपल्याला त्याची गरज नाही असं त्याला वाटतं. पण दहा किलोमीटर सहज धावणाऱ्याचं फुप्फुसही विरळ हवेला घाईने भिडलं तर पाण्याने भरतं. थांबणं हेही प्रशिक्षण आहे, हे लष्कराला अनेक जीव गमावून कळलं.

मैदानावरून ऑलिंपिकपर्यंत

सैन्य आणि खेळ यांचं नातं भारतात जुनं आहे. १८८८ मध्ये सिमल्यात लष्करी संघांसाठी सुरू झालेली ड्युरँड कप फुटबॉल स्पर्धा आजही खेळली जाते. ध्यानचंद १९२२ मध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले. हॉकी त्यांच्या हातात आली ती पलटणीतच. मिल्खा सिंग तीनदा नाकारले गेल्यावर ईएमई कोअरमध्ये शिरले आणि सिकंदराबादच्या केंद्रात रिक्रूटांच्या क्रॉसकंट्रीत पहिल्या दहांत आल्यामुळे प्रशिक्षकांच्या नजरेत भरले. १९५८चं राष्ट्रकुल सुवर्ण आणि १९६०च्या रोममधला चौथा क्रमांक, दोहोंची सुरुवात त्या धावेत आहे. राजपुताना रायफल्सचे श्रीराम सिंग १९७६ मध्ये मॉन्ट्रियलला ८०० मीटरच्या अंतिम फेरीत १ मिनिट ४५.७७ सेकंदांत धावले. त्यांचा राष्ट्रीय विक्रम मोडायला २०१८ उजाडलं आणि मोडणारा जिन्सन जॉन्सनही लष्करातलाच होता.

ध्यानचंद, मिल्खा सिंग आणि श्रीराम सिंग यांच्यात एक साम्य आहे. ते खेळाडू म्हणून सैन्यात आले नव्हते. ते सैनिक म्हणून आले आणि पलटणीच्या मैदानाने त्यांच्यातला खेळाडू शोधला.

२००१ मध्ये ‘मिशन ऑलिंपिक’खाली पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि या शोधाला शास्त्राची जोड मिळाली. परदेशी प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ, क्रीडावैद्यक, वसतिगृह, सगळं एका छताखाली आलं. नेमबाजीसाठी महूची आर्मी मार्क्समनशिप युनिट आणि नौकानयनासाठी पुण्यातलंच रोइंग नोड अशी स्वतंत्र केंद्रं आहेत. राज्यवर्धनसिंह राठोड यांचं २००४चं आणि विजय कुमार यांचं २०१२चं ऑलिंपिक रौप्य महूच्या परंपरेतलं. २०२१ मध्ये टोकियोत ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्ण जिंकणारा नीरज चोप्रा २०१६ मध्ये थेट नायब सुभेदार म्हणून राजपुताना रायफल्समध्ये आला होता. पुण्याच्या संस्थेतलं मैदान आज त्याच्या नावाने आहे. २०२५च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तिन्ही दलांच्या ‘सर्व्हिसेस’ संघाने ६८ सुवर्णपदकांसह पहिला क्रमांक घेतला. दुसरा क्रमांक ५४ सुवर्णांसह महाराष्ट्राचा होता.

म्हणजे आज लष्करातल्या खेळाडूच्या वाटा दोन झाल्या. एक, आधीच चमकलेल्याला थेट घेणं किंवा बॉइज स्पोर्ट्स कंपन्यांत लहानपणापासून घडवणं. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये अशा कंपन्या आहेत. दुसरी वाट जुनी, पलटणीत सापडण्याची. मराठी वाचकाला तिची दोन उजळ उदाहरणं ठाऊक असायला हवीत.

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खणणाऱ्या बापाचा मुलगा. २०१२ मध्ये तो बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाला तेव्हा त्याला पाण्याची भीती वाटत होती. उंची आणि बांधा पाहून त्याला होडीत बसवलं गेलं. २०१६ मध्ये तो रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने वल्हवत होता आणि तेरावा आला. २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघाबरोबर त्याने सुवर्ण जिंकलं.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचिन, राजस्थान, सिक्कीम अशा नेमणुका केल्यावर २०१५च्या सुमारास तो क्रॉसकंट्रीत उतरला आणि तिथून स्टीपलचेसकडे वळला. २०२२चं राष्ट्रकुल रौप्य, २०२३चं आशियाई सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिस डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम आणि त्याच वर्षी ऑलिंपिकची अंतिम फेरी. केनियाच्या धावपटूंशी लढत देणारा हा धावपटू खेळाडू म्हणून सैन्यात आला नव्हता. पलटणीत रोज सगळ्यांना धावावं लागतं, म्हणून तो सापडला.

साहस आणि त्याचा हिशेब

साहसी मोहिमांकडे सुट्टीतली मौज म्हणून पाहणारे आहेत. लष्कराचा इतिहास वेगळं सांगतो. १९४८ मध्ये जनरल थिमय्यांच्या पुढाकाराने गुलमर्गला सुरू झालेली छोटी स्की शाळा पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाली. बंगाल सॅपर्सचे मेजर नंदू जयाल १९५४ मध्ये दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटचे पहिले प्राचार्य झाले आणि १९५८ मध्ये चो ओयू मोहिमेवर गेले ते परतले नाहीत. १९६५ मध्ये एव्हरेस्टवर पहिल्यांदा भारतीय पाऊल ठेवणारे अवतारसिंग चिमा लष्करातलेच.

या धारेतलं सर्वांत परिणामकारक नाव नरेंद्र कुमार यांचं. १९६१ मध्ये नीळकंठ शिखरावर हिमदंशाने त्यांनी पायाची बोटं गमावली, तरी १९६५च्या एव्हरेस्ट मोहिमेचे ते उपनेते होते. १९७७ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली कांचनगंगा ईशान्येच्या अवघड धारेवरून सर झालं. त्याच सुमारास एका परदेशी नकाशावर सियाचिनचा प्रदेश चुकीच्या बाजूला दाखवलेला त्यांच्या लक्षात आला. १९७८ मध्ये ते मोहीम घेऊन हिमनदीवर गेले, १९८१ मध्ये पुन्हा गेले. त्यांच्या नोंदी, छायाचित्रं आणि वाटा १३ एप्रिल १९८४ रोजी ऑपरेशन मेघदूत सुरू झालं तेव्हा उपयोगी पडल्या. सियाचिनवरचं एक महत्त्वाचं ठाणं आज ‘कुमार पोस्ट’ म्हणून ओळखलं जातं.

समुद्रावरही हीच वृत्ती दिसते. लष्कराच्या इंजिनिअर अधिकाऱ्यांनी १९८५ ते १९८७ या काळात ‘तृष्णा’ नावाच्या छोट्या शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. महिनोन्महिने एका अरुंद केबिनमध्ये, वादळात आणि वारा पडलेला असताना एकमेकांना सांभाळणं हे नेतृत्वाचं प्रशिक्षण कुठल्या वर्गखोलीत देता येईल?

‘तृष्णा’ ज्या वर्षी निघाली त्याच १९८५ मध्ये लष्कराच्या एव्हरेस्ट मोहिमेत पाच अधिकारी मृत्युमुखी पडले. त्यांत नरेंद्र कुमार यांचे धाकटे भाऊ मेजर किरण कुमार होते. मेजर जय बहुगुणाही होते. त्यांचे भाऊ हर्ष बहुगुणा १९७१ मध्ये एव्हरेस्टवरच गेले होते. एकाच पर्वताने एका घरातून दोन भाऊ नेले. साहसाच्या समर्थनार्थ बोलणाऱ्याने हा हिशेब मांडलाच पाहिजे. धोका पत्करणं आणि धोक्याकडे डोळेझाक करणं यांतला फरक शिकवणं हेच या मोहिमांचं खरं काम. शिखर दोनशे मीटरवर दिसत असताना हवामान पाहून मागे फिरणाऱ्या नेत्याची युनिटमध्ये तितकीच वाहवा व्हायला हवी.

प्रत्येक पलटणीला एव्हरेस्ट नको असतं. मुंबई-पुण्याच्या युनिटला सह्याद्रीतला घाट, रात्रीची वाट आणि पावसाळ्यातला कडा पुरेसा आहे. खडकवासल्याच्या एनडीएत कॅडेटांच्या एका कॅम्पला ‘तोरणा’ हे नाव आहे. पंचविशीतल्या लेफ्टनंटने दहा जवानांची शिधासामग्री, औषधं, वाट आणि परतीची वेळ स्वतः ठरवून त्यांना सुखरूप परत आणणं ही लहान मोहीमच पुढच्या मोठ्या जबाबदारीची पहिली पायरी असते.

मैदान कुणाकुणाचं

हे मैदान आता फक्त धडधाकट पुरुषांचं राहिलेलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये कॅप्टन शिवा चौहान सियाचिन बॅटल स्कूलचं खडतर प्रशिक्षण पूर्ण करून कुमार पोस्टवर रुजू झाल्या. २०२४ मध्ये ट्रॅप नेमबाज प्रीती रजक लष्करातल्या पहिल्या महिला सुभेदार झाल्या. मुष्टियोद्धा जास्मिन लंबोरिया लष्करात भरती झाली आणि २०२५ मध्ये ५७ किलो गटात जगज्जेती ठरली. ३० मे २०२५ रोजी एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. मुलींसाठीचे मापदंड ठरवताना सवलत द्यायची की नाही एवढ्यावरच वाद अडकू नये. त्या कामाला नेमकी किती ताकद लागते हे आधी मोजावं आणि हाडं, आहार, बूट व पिठ्ठू यांचा विचार मुलींच्या शरीररचनेप्रमाणे व्हावा.

युद्धात जायबंदी झालेल्यांची कहाणी तर महाराष्ट्राशी घट्ट बांधलेली आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर ईएमईतले बॉक्सर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले. उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण त्यांनी विक्रमी वेळेत जिंकलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडावं लागलं. एव्हरेस्टवर जाऊन आल्यावर काही महिन्यांतच त्याच युद्धात मेजर अहलुवालियांच्या मानेत गोळी लागली. चाकाच्या खुर्चीतून त्यांनी दिल्लीत इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर उभं केलं.

आता खडकीत आर्मी पॅरालिंपिक नोड आहे. नागालँडचे होकातो सेमा २००२ मध्ये काश्मीरमध्ये सुरुंगस्फोटात डावा पाय गमावून बसले. वयाच्या बत्तिशीत त्यांनी गोळाफेक हाती घेतली, खडकीत सराव केला आणि २०२४ मध्ये पॅरिसला १४.६५ मीटर फेकीसह कांस्य जिंकलं. पेटकरांच्या वेळी जे एकट्याच्या जिद्दीवर झालं, त्यासाठी आज व्यवस्था आहे. ही प्रगती पदकांच्या आकड्यांहून मोठी आहे.

पुढची चार वर्षं

आता प्रश्न अग्निवीरांचा. २०२२ पासून जवान चार वर्षांसाठी येतो आणि त्यांतल्या कमाल २५ टक्क्यांनाच पुढे कायम होता येतं. चार वर्षांतले पहिले महिने रेजिमेंटल केंद्रात जातात. मग कोर्स, नेमणूक, रजा. साबळे भरतीनंतर तीनेक वर्षांनी क्रॉसकंट्रीत उतरला. भोकनळला भरतीपासून ऑलिंपिकपर्यंत पोचायला बरोबर चार वर्षं लागली. उशिरा उमलणारी अशी पोरं चार वर्षांच्या चौकटीत सापडायची, तर शोध पहिल्याच वर्षी आणि प्रत्येक पलटणीत व्हायला हवा.

दुसरी काळजी इजांची. कायम होण्यासाठी गुण मोजले जात असताना दुखावलेला गुडघा लपवण्याचा मोह तरुणाला होणारच. इजा सांगितल्याने संधी जाणार नाही, हे अधिकाऱ्याने आणि उस्तादाने वागणुकीतून पटवून द्यावं लागेल. तिसरी काळजी वेळेची. नवं तंत्रज्ञान, बंदोबस्त, आपत्ती-निवारण यांनी युनिटचा दिवस भरतो आणि पहिली कात्री गेम्स परेडला लागते. ती तिथे लावू नये, असं मनापासून सांगावंसं वाटतं. केंद्रांवर कोट्यवधी खर्चून घडवलेल्या शंभर खेळाडूंचा देशाला अभिमान आहेच. पण केंद्रांना पुढचा साबळे पुरवायचा आहे पलटणीच्याच मैदानाने, आणि बर्फातल्या ठाण्यावर पोचायचं आहे खेळाडू नसलेल्या लाखो जवानांना.

म्हणून कुठल्याही युनिटची तंदुरुस्ती तपासायची झाली, तर करंडकांचं कपाट नंतर पाहावं. आधी बीपीईटीच्या दिवशी शेवटच्या रेषेपाशी उभं राहावं. पहिला जवान किती मिनिटांत आला हे घड्याळ सांगेल. शेवटचा किती मागे आहे, तो रडतखडत येतोय की लयीत, गेल्या वर्षीपेक्षा तो किती पुढे सरकला, आणि पोचलेले परत वळून त्याला हाका मारताहेत का, हे डोळ्यांनी पाहावं लागेल. गावाबाहेरच्या रस्त्यावर आज पहाटे धावलेल्या पोरांतला कुणी उद्या त्या रेषेकडे येणार आहे. तो पहिला असो वा शेवटचा, त्याच्यासाठी थांबणारं मैदान त्याला मिळालं पाहिजे.